गार इंजिनला टक टक, गरम झालं की गायब. रॉड गेला म्हणून इंजिन खोलायला सांगतायत, खोलू का?

अर्धाचोक

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण अर्धवट लिहिलं तर तुम्हीच उलटे दहा प्रश्न विचारणार म्हणून सगळंच एकदम टाकतो. गाडी २० वर्षांची, पेट्रोल, ४ सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, टायमिंग चेन आहे बेल्ट नाही, गिअर हाताचे. पळालीय २ लाख १० हजार किमी. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो.

दीडेक महिन्यापासून सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की इंजिनातून टक टक टक टक येतं, कोरडं आणि धारदार, टेबलावर पेनाचं टोक आपटल्यासारखं. न्यूट्रलला उभी असली तर कमी, पण पहिल्या गिअरला क्लच सोडून जोर लागला की एकदम वाढतं. १० मिनिटं चालली, टेंपरेचरचा काटा मधे आला की विरत विरत जातं आणि मग दिवसभर काही नाही.

पहिल्या मेकॅनिकने दोन मिनिटात सांगितलं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला दाबणाऱ्या भागातला गॅप. टॅपेट सेट केले (स्क्रूवाले आहेत, हायड्रॉलिक नाहीत), फरक शून्य. दुसऱ्याने रेस देऊन ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बेअरिंग वाजतंय, इंजिन खोलावं लागेल, अजून चालवलीत तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. त्या रात्री झोप नाही लागली राव. मग मी माझ्या डोक्याने ऑइल बदललं, आधी ५डब्ल्यू-३० होतं तर आता २०डब्ल्यू-५० टाकलं, जाड ऑइलने आवाज दबतो असं ऐकलेलं. सोबत फिल्टरही नवा, जो मिळाला तो. टक टक जशीच्या तशी, वर आता स्टार्टर मारल्या मारल्या दोन सेकंद खर्रर्र असा साखळी ओढल्यासारखा नवीनच आवाज सुरू झालाय. एकाचे दोन झाले.

ऑइलचा दिवा लागत नाही, धूर नाही, ऑइल फारसं पीत नाही. ॲव्हरेज थोडं पडलंय. खोलू का इंजिन?

जाडपाना

खोलू नका. निदान या वर्णनावर तरी नाही.

आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो आणि कधी जातो हे जास्त कामाचं असतं, आणि तुम्ही ते नीट लिहिलंय म्हणून सांगता येतंय. रॉडचं बेअरिंग झिजलं की बेअरिंग आणि क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य शाफ्ट) यांच्यात गॅप वाढतो. त्या गॅपात ऑइलची फिल्म असते ती ठोका झेलते. इंजिन गार असताना ऑइल जाड, फिल्म दणकट, त्यामुळे आवाज कमी. गरम झालं की ऑइल पातळ होतं आणि ठोका वर येतो. म्हणजे रॉडचा आवाज गरम झाल्यावर वाढतो, तुमचा गरम झाल्यावर जातोय. अगदी उलटं. शिवाय २०डब्ल्यू-५० टाकल्यावर रॉडच्या आवाजात थोडा तरी फरक पडला असता, तोही नाही.

गारेला वाजून गरमला गप्प होणारे मुख्य तीन. एक हायड्रॉलिक टॅपेट, ते तुमच्याकडे नाहीतच. दुसरं पिस्टन स्लॅप, म्हणजे जुन्या इंजिनात पिस्टन बोअरमध्ये ढिला होतो, ॲल्युमिनियमचा असल्यामुळे गरम झाल्यावर फुगून बसतो आणि आवाज जातो. पण तो आवाज जाड असतो, ठप ठप, पोकळ. तुम्ही कोरडा धारदार म्हणताय. तिसरं म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला जळका गॅस गोळा करणारा पाइप) हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, जिथे बसतो तिथून लीक. गार असताना फट असते, प्रत्येक वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की तिथून गॅस फट्कन बाहेर पडतो आणि तो आवाज ऐकायला हुबेहूब टॅपेट. लोड दिला की वाढतो कारण गॅसचं प्रेशर वाढतं. मॅनिफोल्ड तापला की फुगतो, फट मिटते. माझे पैसे तिसऱ्यावर.

तेलकटहात

जाडपाना म्हणतायत ते पटतंय पण मी असतो तर आधी ऑइल प्रेशर मोजलं असतं, कारण बाकी सगळं चुकलं तरी चालेल पण हे चुकून चालत नाही. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर जाऊ नका, तो प्रेशर जवळजवळ संपल्यावर लागतो. ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे काट्याचा गेज लावायचा, १५ मिनिटांचं काम. इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंगला आणि मग २००० ला बघा. ढोबळ हिशोब म्हणजे दर १००० आरपीएमला १० पीएसआयच्या आसपास मिळालं पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मात्र आत्ता तुमच्याकडे ५० चं ऑइल आहे म्हणजे गेज थोडं खोटं चांगलं दाखवणार हे लक्षात ठेवा.

जुना फिल्टर फेकला नसेल तर पत्रा कापून आतला कागद उलगडा आणि उन्हात धरा. चमचम दिसली तर थांबा. नुसता मॅग्नेट फिरवून खूश होऊ नका, बेअरिंगचं मटेरियल मॅग्नेटला चिकटत नाही, तांबूस किंवा रुपेरी कण डोळ्यानेच बघावे लागतात.

आणि ज्याने टॅपेट सेट केले त्याने फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पानं) वापरला का नुसतं कानाने आवळले? आवाज बंद करायच्या नादात जास्त आवळून ठेवतात. टाइट टॅपेट आवाज करत नाही पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि व्हॉल्व्हची उष्णता सीटवर बसल्यावरच बाहेर जाते, म्हणून मग तो जळतो. थोडा वाजणारा परवडला.

मागचीसीट

माझा किस्सा सांगतो, इंजिन खोलायच्या आधी वाचाच.

माझ्या जुन्या गाडीला आयडलिंगला खालून ठोका यायचा, खोल, खणखणीत, कुणीही ऐकून रॉड म्हणेल असा. तिघांनी म्हटलंच. इंजिन उतरवायची तारीख ठरली होती. आदल्या दिवशी एका म्हाताऱ्या फिटरने खडू मागितला. क्रँकच्या पुढच्या पुलीत मधलं हब आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असतं, त्याने हबपासून रिंगपर्यंत सरळ एक रेघ ओढली आणि म्हणाला एक चक्कर मारून या. आलो तर हबवरची रेघ वर आणि रिंगवरची जवळपास दोन बोटं बाजूला सरकलेली. रबर सुटलं होतं, रिंग हबवर घसरून आदळत होती. पुली बदलली, आवाज संपला. इंजिन अजून तसंच आहे, कधी उघडलं नाही.

तसंच एक्झॉस्टवरचा पत्रा, इंजिनाचं फाउंडेशन, फ्लायव्हीलचे बोल्ट, हे सगळे रॉडची नक्कल करतात. अर्धाचोक तुमची केस यातली नाही वाटत, पण "रॉड गेला" हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो एवढंच सांगायचं होतं.

जाडपाना

मागचीसीट, खडूचा उपाय भारी.

अर्धाचोक, आता उद्या सकाळी गार इंजिनवर काय करायचं ते सांगतो, गाडी रात्रभर उभी पाहिजे नाहीतर उपयोग नाही.

आधी फोनवर आवाज रेकॉर्ड करा, आरपीएमचा काटा काय दाखवतो तेही तोंडाने बोलून ठेवा. मग ते पाव स्पीडने लावून टक टक मोजा. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरते, त्यामुळे एका व्हॉल्व्हचा किंवा एका एक्झॉस्ट पोर्टचा आवाज क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच येतो. समजा १२०० आरपीएम आहे तर मिनिटाला ६००, म्हणजे सेकंदाला १०. पाव स्पीडला १० सेकंदात २५ च्या आसपास. क्रँकच्या प्रत्येक फेरीला वाजत असेल तर ५० होतील.

मग इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि लावा. इग्निशनची वायर ओढू नका, एक तर जोरदार शॉक बसतो, दुसरं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लागते. इंजेक्टर काढला की त्या सिलिंडरमध्ये पेट्रोलच जात नाही. इंजिन थरथरेल, चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका, नंतर कोड पुसता येतो. टॅपेटला सिलिंडर जळतोय का नाही याच्याशी देणंघेणं नाही, तो वाजतच राहणार. लीक, पिस्टन आणि रॉड मात्र त्या सिलिंडरला पेट्रोल बंद झालं की लगेच नरम पडतात.

तेलकटहात

मोजण्यावर फार विसंबू नका हां. रॉडचा मोठा ठोका पॉवर स्ट्रोकलाच (पेट्रोल जळून पिस्टन खाली ढकलला जातो तेव्हा) बसतो, म्हणजे कानाला तोही दोन फेऱ्यांत एकदा वाटू शकतो. ५० आले तर वर कॅमकडे बघायचं कारण नाही एवढंच त्यातून कळतं, २५ आले म्हणून रॉड निर्दोष ठरला असं नाही. इंजेक्टरची टेस्ट आणि जागा शोधणं हे खरं.

जागा शोधायला दोन हत्यारं. लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक धातूवर आणि मूठ कानामागच्या हाडावर, हे आतल्या ठोक्यांसाठी. आणि मीटरभर रबरी नळी, एक टोक कानाशी, दुसरं मोकळं हवेत फिरवायचं, कशाला टेकवायचं नाही, हे लीकसाठी. बाही वर करा, गळ्यात काही लोंबतं ठेवू नका, बेल्ट आणि पंख्यापासून लांब. पंखा कधीही आपोआप चालू होतो.

जाडपाना

मान्य, मोजणं एकट्याने पुरत नाही. इंजेक्टर काढून आवाज बदलला तर मग लीक का पिस्टन का रॉड हे नळीच सांगेल. आणि मॅनिफोल्डवरचा पत्रा काढून काजळी शोधा.

अर्धाचोक

तीन दिवसांनी येतोय, सॉरी, पण रोज सकाळी एकदाच चान्स मिळतो हे तुम्ही सांगितलं नव्हतंत!

पहिल्या दिवशी रेकॉर्डिंग. काटा १२०० च्या जरा खाली, पाव स्पीडला १० सेकंदात मी २४ मोजले, बायकोने २५. म्हणजे अर्ध्या वेगाचा आवाज.

दुसऱ्या दिवशी इंजेक्टर. १, २, ३ काढून बघितले, गाडी थरथरली पण टक टक तशीच. चौथा काढला (चेनच्या बाजूने मोजून चौथा, गिअरबॉक्सकडचा) आणि आवाज जवळपास गेला. लावला, परत आला. पाच वेळा काढ घाल केलं, खेळच झाला तो. तिथेच टॅपेट संशयातून सुटला म्हणायचं ना?

आज नळी. सगळीकडे फिरवली, इंजेक्टरचं स्वतःचं टिकटिक ऐकलं, अल्टरनेटरची घरघर ऐकली, इतके आवाज असतात हे माहीतच नव्हतं. आणि चौथ्या पोर्टखाली नळी नेली तर कानात कोणी थुंकल्यासारखं फट फट फट, मी नळी फेकलीच. हवेचा झोत नळीतून कानापर्यंत जाणवत होता. इंजिन बंद केलं, पूर्ण गार होऊ दिलं, मॅनिफोल्डवरच्या पत्र्याचे तीन बोल्ट काढले. सगळं गंजून तपकिरी आणि चौथ्या पोर्टपाशी पांढऱ्या हेडवर काळीभोर काजळी, पंख्यासारखी पसरलेली, बोट फिरवलं तर बोट काळं. तिथल्या खालच्या स्टडचा (मॅनिफोल्ड हेडला धरणारा आट्यांचा दांडा) नट चिमटीत धरून फिरवला तर नटासकट अर्धा स्टड हातात आला. उरलेला अर्धा हेडमध्ये, तोंडाशी सपाट.

रात्रीची झोप परत केलीत, आभार. ऑइल प्रेशरही मोजून घेतलं, गरमला आयडलिंगला १८ आणि २००० ला ४५. आता या तुटलेल्या स्टडचं काय करू? आणि ते खर्रर्र?

तेलकटहात

प्रेशर मस्त आहे, ऑइल जाड आहे हे धरूनही. रॉडवाल्याला नमस्कार सांगा.

टोकाचाच स्टड तुटतो बहुतेक वेळा. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, दोघं वेगवेगळं फुगतात आणि आकसतात. मधल्या भागात ही सरक थोडी, टोकांना सगळ्यात जास्त, वर्षानुवर्षं ती खेच शेवटच्या स्टडवर. म्हणून एक तुटलाय तर बाकीचेही थकलेत असं समजून सगळे नवे टाका.

काढायचं म्हणाल तर जंग सोडवायचं ऑइल आज, उद्या, परवा असं मारत राहा. तोंडाशी सपाट आहे म्हणजे पक्कड धरणार नाही. त्यावर वेल्डिंगने नट चिकटवून काढतात, वेल्डिंगच्या उष्णतेने जंगही सुटतो, फक्त नट लाल असताना फिरवायची घाई नको आणि सुरुवातीला उघडायच्या दिशेनेच नाही तर थोडं आवळून थोडं उघडून असं हलवायचं. हे मात्र ज्याने आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. ड्रिल मारून काढायला गेलं आणि ते वाकडं गेलं तर हेडचे आटे गेले, मग एका स्टडपायी हेड उतरवावं लागेल.

मॅनिफोल्ड बाहेर आला की सरळ पट्टी ठेवून त्याचा तळ बघा, खालून फिलर गेज जात असेल तर सपाट करून घ्या, नाहीतर नवं पॅकिंग चार महिन्यात परत फुंकेल. आणि चौथ्या पोर्टच्या आसपास बारीक चीर आहे का तेही. आवळताना मधून सुरू करून बाहेर.

जाडपाना

ॲव्हरेज पडल्याचं कारणही बहुतेक हेच. दोन झटक्यांच्या मधे त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढे ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) उगाच जास्त देतो.

अजून एक, स्टडचं काम होईपर्यंत गाडी बंद जागेत चालू ठेवू नका आणि बाहेरची हवा आत घेणारा ब्लोअर लावू नका. तो गॅस बोनेटखाली साचतो आणि तिथून केबिनमध्ये यायला वेळ लागत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता खर्रर्र. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर उभा राहतो. स्टार्ट केल्यावर त्याच्यापर्यंत ऑइल पोचेपर्यंत चेन ढिली, ती गाइडवर आपटते. तुम्ही दोन गोष्टी एकदम बदललीत आणि दोन्ही संशयित. २०डब्ल्यू मधला तो २० आहे ना, तो गार असतानाचा स्वभाव सांगतो, ५डब्ल्यूपेक्षा ते सकाळी बरंच जड चालतं, पोचायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे फिल्टरच्या आत रबरी व्हॉल्व्ह असतो, इंजिन बंद झालं तरी ऑइल फिल्टरमध्ये अडवून ठेवणारा. तो नसेल किंवा हलका असेल तर रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. आता यातला कोण हे कळायला एका वेळी एकच बदला. आधी फिल्टर, कारण त्यासाठी चेंबरमधलं सगळं ऑइल काढावं लागत नाही.

अर्धाचोक

अपडेट. स्टड निघाला, तिसऱ्या नटाला. पहिले दोन नट वेल्डिंगसकट तुटून आले, तिसरा चिकटवल्यावर त्याने सांगितलं आता अर्धा तास कोणी हात लावायचा नाही, आणि मग पाना लावला तर किर्रर्र करत अर्धा सूत फिरला, परत आवळला, परत फिरवला, असं करत करत बाहेर. तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या आम्ही. मॅनिफोल्ड चौथ्या बाजूला वाकलेला निघाला, पट्टीखालून ०.३ मिमीचं पान आरामात जात होतं, सपाट करून घेतला. चीर नव्हती. सगळे स्टड नवे, पॅकिंग नवं. टॅपेटही परत गेजने बघितले, तेलकटहात तुमचा संशय खरा, चौथ्याचे दोन्ही एक्झॉस्ट टॅपेट इतके आवळलेले की सगळ्यात पातळ पान पण जाईना. म्हणजे पहिल्या मेकॅनिकने आवाज चौथ्यातून येतोय हे बरोबर ओळखलं होतं, फक्त तो मॅनिफोल्डचा आहे हे कळलं नाही म्हणून टॅपेट पिळत बसला.

आज चौथी सकाळ, टक टक नाही.

फिल्टर कंपनीचा टाकला. खर्रर्र दोन सेकंदावरून अर्ध्या सेकंदावर आलंय, कधी येतं कधी नाही. ऑइल परत ५डब्ल्यू-३० करतो या शनिवारी.

जाडपाना

छान. ५डब्ल्यू-३० वर आठवडाभर चालवून बघा. तरीही रोज सकाळी खर्रर्र राहिलं तर टेन्शनर काढून त्याचा दांडा किती बाहेर आलाय ते बघायचं, जवळपास पूर्ण बाहेर असेल तर चेन लांबलीय. ते मात्र टाळू नका, चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भेटू शकतात आणि मग खरंच इंजिन खोलावं लागेल.

अर्धाचोक

बरं. एक शेवटचं विचारू का, रागावू नका. टक टक गेल्यापासून मला न्यूट्रलला एक बारीक घूंऽऽ ऐकू येतंय. आधी होतं का माहीत नाही, टक टकमध्ये दबलं असेल. क्लच पूर्ण दाबला की बंद, सोडला की परत सुरू.

मागचीसीट

नळी परत काढली ना तुम्ही 😄

तेलकटहात

क्लच दाबल्यावर बंद होतंय म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावर सुरू झालं असतं तर रिलीज बेअरिंग म्हटलं असतं. आधी गिअर ऑइलची लेव्हल बघा आणि त्याचा वेगळा धागा काढा, इथे इंजिनाचं चाललंय.